हाफिजाने साक्षीदार होऊ नये

मी, सगुणा गणपत आग्रे, वय त्रेसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार दुबई सिलिकॉन ओएसिस, मूळ गाव वेळंब, तालुका गुहागर, हे मृत्युपत्र माझ्या मनाने आणि माझ्या भाषेत लिहून ठेवत आहे. बिघाड हृदयाच्या झडपेत आहे, डोक्यात नाही; डॉक्टरांचं तसं सर्टिफिकेट सोबत जोडलं आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की लाडीगोडी लावलेली नाही. उलट जिला मी सगळ्यात जास्त देणार आहे, ती परवापासून माझ्याशी बोलत नाही.

याआधी मी असा कागद केलेला नाही. याचा इंग्रजी आणि अरबी तर्जुमा आमच्या मजल्यावर राहणारी वकील संजना करून नोंदवील. अर्थाबद्दल शंका आली तर मराठी बघावं. माझे टोमणे अरबीत उतरतीलच असं नाही.

सोमवारी अल ऐनला माझं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, बहुतेक सगळे पेशंट आपल्या पायांनी घरी जातात. त्यांच्या त्या ‘बहुतेक’साठी हा कागद आहे.

१. राहतं घर. माझ्या नावावरचा एक बेडरूमचा फ्लॅट, आतलं सामानसुमान, भांडीकुंडी आणि गॅलरीतली कढीपत्त्याची कुंडी यांसह, मी हाफिजा यहया, वय एकसष्ट, जन्म झांजिबार, व्यवसाय गायिका आणि अभिनेत्री, हिला कायमची देत आहे. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क राहणार नाही.

घर माझ्या नावावर असलं तरी पैसे दोघींचे आहेत. खरेदीच्या दिवशी ती मालिकेच्या शूटिंगला परदेशात अडकली होती. फोनवर म्हणाली, “सगू, तुझंच नाव टाक. माझ्याकडून पेपर्स हरवतात.” खरंच हरवतात. एकदा तिचा पासपोर्ट गरम पातेल्याखाली सापडला होता. पण त्या एका सोयीचा परिणाम असा, की मी कागद न करता गेले तर कायदा माझ्या सासरच्या वारसांकडे बघेल, आणि एकसष्टाव्या वर्षी हाफिजा बॅगा घेऊन भाड्याची खोली शोधत फिरेल. तसं होऊ नये, एवढ्यासाठी बाकीची सगळी कलमं आहेत.

परवा संजना घरी आली आणि तिने समजावलं, की ज्याला काही मिळायचं आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. केली तर त्याचा वाटा अडचणीत येतो. हाफिजा भेंडी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

“मग विटनेस मी. दे पेन.”

“आंटी, तुम्ही बेनिफिशियरी आहात,” संजना म्हणाली. “तुम्हाला नाही चालणार.”

“म्हणूनच तर! मला घर नको. मी घर घेतलं म्हणजे मी मान गई, की ये मरनेवाली है. मी नाही मानत. खलास.”

भेंडी तशीच राहिली आणि आमचं बोलणं बंद झालं. बत्तीस वर्षांत आमची भांडणं पुष्कळ झाली, पण जेवण राहिलं असं कधी झालं नव्हतं. म्हणून या कलमात स्पष्ट लिहिते: हाफिजाने या कागदावर साक्षीदार होऊ नये. तिने हट्ट केला, रडली, पेन हिसकावलं, तरी संजनाने तिला सही करू देऊ नये. ती अभिनेत्री आहे. रडणं तिला चांगलं येतं.

२. माझ्या दिराचा मुलगा नीलेश आग्रे याला गावच्या घरातला आणि काजूच्या बागेतला माझा सगळा हिस्सा देत आहे. माझ्या सोन्याच्या चार बांगड्या त्याच्या मुलीला द्याव्यात, पण ती बारावी झाल्यावर. त्याआधी दिल्या तर त्या बाईकच्या हप्त्यात जातील हे मला ठाऊक आहे आणि नीलेशलाही ठाऊक आहे.

नीलेश वाईट मुलगा नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो, गोळ्या घेतल्या का विचारतो. मागच्या महिन्यात मात्र त्याने विचारलं, “काकू, दुबईचं घर तू त्या बाईला देणार म्हणे. ती आपली कोण लागते?” मी म्हटलं, नेटवर्क जातंय, आणि फोन ठेवला. नेटवर्क उत्तम होतं. प्रश्नाचं उत्तर कॉलवर मावणारं नव्हतं. संजना म्हणते, कोर्टाला नातं सांगावं लागत नाही. पण नीलेशला सांगावं लागेल, म्हणून पुढची कलमं जरा लांबली आहेत. त्याने ती सावकाश वाचावीत.

३. माझे पती गणपत आग्रे लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी वारले. त्यांच्याबद्दल वाईट लिहिण्यासारखं काही नाही आणि चांगलं लिहिण्याइतकी ओळख झाली नाही. पुढे मी शारजात सविताबाईंच्या घरी स्वयंपाकाला आले. त्यांच्या यजमानांचा मसाल्याचा व्यापार होता. दुपारी वेळ मिळे तेव्हा मी बिल्डिंगमधल्या बायकांचे कपडे शिवायची.

वरच्या मजल्यावर झांजिबारहून आलेली गाणाऱ्यांची मंडळी उतरली होती. हिवाळाभर लग्नांत गाणार आणि परत जाणार. इथल्या कितीतरी घरांतले आजेपणजे झांजिबारला राहून आलेले, घरात अजून स्वाहिली बोलतात. त्यांच्या लग्नाला हे गाणं लागतंच. त्या मंडळीतली सगळ्यात लहान मुलगी एक दिवस बगलेत उसवलेला पिवळा झगा घेऊन खाली आली. मी माप घेतलं, शिवून दिला. दुसऱ्या दिवशी तो नेमका तिथेच उसवून परत आला. आमच्या हाताला कोणी कधी नाव ठेवलेलं नाही, त्यामुळे मला रागच आला. मग डोक्यात प्रकाश पडला. मी माप घेतलं तेव्हा ही गप्प उभी होती. मी तिच्या बरगड्यांभोवती टेप धरली आणि म्हटलं, “अब गाओ.”

तिने श्वास भरला आणि टेप माझ्या बोटांतून सरकत गेली. मग आवाज आला. तो कानाला ऐकू येण्याआधी माझ्या हाताला लागला. मला अक्षराचा अर्थ कळत नव्हता, पण त्या क्षणी वाटलं, की ही जिथे गाईल तिथे आपण जवळ असावं. ती हाफिजा. तेव्हापासून तिचं प्रत्येक माप मी दोनदा घेतलं आहे, एकदा गप्प आणि एकदा गाताना, आणि शिवणीत आत माया, म्हणजे जास्तीचं कापड, भरपूर ठेवली आहे. माझ्यामागे तिचे कपडे जो कोणी शिवेल त्याने तसंच करावं. टेलर पुरुष असेल तर हाफिजाने स्वतः टेप धरावी.

४. सविताबाई, हल्ली मुक्काम अल ऐन, मुलीकडे. यांना मी हाफिजाच्या पुढच्या कार्यक्रमाचं पहिल्या रांगेतलं एक तिकीट देत आहे. अट एकच: गाणं संपेपर्यंत दोन्ही हात मांडीवर ठेवावेत.

कारण लिहून ठेवते. या झांजिबारी गाण्याला तारब म्हणतात. त्यात कोणाचं नाव न घेता टोमणे असतात. ऐकणाऱ्या बाईला एखादी ओळ आपल्या मनातली वाटली, की ती उठून नाचत पुढे येते आणि गाणारणीच्या हातात नोट ठेवते. त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो: ही ओळ मी म्हणते आहे, आणि ती इथे बसलेल्या एकीला आहे. खोर फक्कानला एका मोठ्या लग्नात हाफिजा पहिल्यांदाच मुख्य गायिका म्हणून उभी होती. नवऱ्यामुलाच्या घरचे सविताबाईंच्या यजमानांचे गिऱ्हाईक, म्हणून बाई आमंत्रित होत्या. मी हाफिजाच्या पदराला टाचण्या लावायला गेले होते. गाण्यात एक ओळ होती, दुसरीच्या चुलीवरचं झाकण उचलून बघणाऱ्या बाईबद्दल. हाफिजाने ती अशी काही घेतली, की सविताबाईंना राहवेना. त्या उठल्या. पर्समधून शंभर दिऱ्हमची नोट काढली, आपल्याकडच्या रीतीने हाफिजावरून ओवाळली, कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि नोट तिच्या हातात ठेवली.

समोरच नवरीची आत्या बसली होती, आणि तिच्या चौकसपणाची चर्चा त्या घरात आधीपासून होती. नवरीकडचे धरून चालले, की मुलाकडच्यांनी पाहुणीच्या हातून हा टोमणा मुद्दाम मारवला आणि गाणारणीला आधी पढवून ठेवलं. आत्या उठून गेली. तिच्यामागे निम्मा हॉल गेला.

आपल्याकडे गाणं आवडलं की बक्षीस देतात आणि गुणी माणसाची दृष्ट काढतात. बाईंनी प्रेमानेच केलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार नंतरची आहे. हाफिजाला मिळालेली लग्नांतल्या गाण्याची कामं एकामागून एक रद्द झाली. तिची मंडळी तिला मागे टाकून परत गेली. मी बाईंना म्हटलं, एकदा चला, त्या आत्याबाईंना सांगू की तुम्हाला ही रीत ठाऊक नव्हती.

“मी का जाऊ?” त्या म्हणाल्या. “हंड्रेड दिऱ्हम दिले मी तिला, म्हणजे साडेआठशे रुपये झाले की गं! वर माफी पण मीच मागू?”

मी त्या आठवड्यात त्यांचं काम सोडलं. त्यांच्या यजमानांनी, देव त्यांचं भलं करो, एका शब्दाने न अडवता माझे व्हिसाचे कागद मोकळे केले. अबाया शिवणाऱ्या एका दुकानात मी लागले आणि हाफिजाला माझ्या खोलीत घेऊन आले.

हे कलम मी याहून कडक लिहिणार होते. पण मंगळवारी सविताबाईंचा फोन आला. “सगुणा, हॉस्पिटलचं खाऊ नकोस हं. मुगाची खिचडी मी पाठवीन, तूप वेगळं देईन.” डबा मी घेणार आहे. तिकिटाची अट मात्र कायम.

५. माझ्या कपाटातले सात मोलकरणींचे एप्रन हाफिजाच्याच मालकीचे आहेत. ते कोणी जुने कपडे म्हणून पुसायला घेऊ नयेत.

लग्नं बंद झाली तेव्हा ती मालिकांत काम मागायला गेली. तिला वाचता येई, अरबी सफाईने येई, एका दमात रडता आणि हसता येई. पण तिचा रंग बघून तिच्या हातात चहाचा ट्रे दिला. कित्येक वर्षं ती ट्रे घेऊन आत येत राहिली. श्रेयनामावलीत नाव नसायचं. असलं तर नुसतं ‘मोलकरीण’. घरी येऊन पाय पसरून म्हणायची, “सगू, आज मी तीन घरी चहा दिला.” हसायची, आणि मग भिंतीकडे तोंड करून पडायची. मला त्या ट्रेचा इतका राग होता, की आमच्या घरात मी ट्रे आणू दिला नाही. पाहुण्यांना कप हातात मिळतो.

मग तिने एक युक्ती काढली. प्रत्येक मोलकरणीला ती मनातल्या मनात नाव देऊ लागली आणि मला एप्रनला आतून खिसा शिवायला सांगू लागली. एकीच्या खिशात मुलाचा दुधाचा दात. एकीच्या खिशात चोरलेला कंगवा. एकीच्या खिशात नवऱ्याची न फोडलेली चिठ्ठी. मी म्हटलं, कॅमेऱ्याला आतला खिसा दिसणार आहे थोडाच? ती म्हणाली, “कॅमेऱ्याला नाही दिसत. पण माझ्या चालण्यात दिसतं.”

आणि दिसलं. एका दिग्दर्शकाने शॉट थांबवून विचारलं, तुझ्या खिशात काय आहे? तिने दात काढून दाखवला. त्याच माणसाने पुढच्या वर्षी तिला होडीमालकाच्या विधवेची भूमिका दिली. नाव असलेली, घरात मान असलेली, सगळ्यांना धाकात ठेवणारी. शेवटच्या भागात ती किनाऱ्यावर उभी राहून गायली, वाद्यांशिवाय. तो भाग रमजानात दाखवला आणि ईदला आमच्या दुकानात लोक तिच्याबरोबर फोटो काढायला आले. मी काउंटरमागे उभी राहून रडले. माझं माणूस मोठं झालं होतं.

त्यानंतर खोर फक्कानहून त्याच आत्याबाईंचा फोन आला. नातीचं लग्न होतं, गायला हाफिजाच हवी होती. आम्ही गेलो. आत्याबाई काठी टेकत आल्या, तिचे हात धरले आणि म्हणाल्या, “मी त्या दिवशी उठून गेले, कारण ओळ खरी होती.” एवढ्या वर्षांचा गुंता त्यांनी एका वाक्यात सोडवला.

६. आता नीलेशच्या प्रश्नाचं उत्तर.

मालिकेनंतर हाफिजाला तिच्या गावाने बोलावलं. झांजिबारच्या भरल्या सभागृहात तिचा कार्यक्रम झाला. पुढे तिची आई बसली होती. लेक परदेशात कोणाकडे राहते, काय करते, लग्न का करत नाही, यावर त्या माउलीने आयुष्यभर ना चांगलं म्हटलं होतं ना वाईट. हाफिजाने स्वतः रचलेलं गाणं म्हटलं. त्यात एक ओळ होती, की समुद्रापलीकडे माझं माणूस आहे म्हणून मला सुखाची झोप लागते. त्या ओळीला तिची आई उठली. हातात नोट घेऊन हळूहळू नाचत स्टेजवर आली. आता लेकीला देणार म्हणून सगळे बघत होते. ती लेकीला ओलांडून पुढे गेली. मी पडद्याआड उभी होते, तोंडात टाचण्या धरून. तिने माझी मूठ उघडली, नोट ठेवली आणि मूठ मिटली.

त्या सभागृहात प्रत्येक बाईला त्याचा अर्थ कळला. सगळ्या जिभा हलवून आनंदाने ओरडू लागल्या. माझ्या तोंडात टाचण्या, त्यामुळे मला धड रडताही येईना. हाफिजा गाता गाता थांबली, ती त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटची.

तर नीलेश, ती आपली कोण लागते हे तिच्या आईने चारचौघांत सांगून टाकलं आहे. रक्ताचं नाही, धर्माचं नाही, देशाचंही नाही. पण परवाचा दिवस सोडला तर माझ्या ताटात तिने पहिला घास ठेवला नाही असा दिवस आठवत नाही. तिच्यावर माझं प्रेम आहे. हे मी तिला तोंडाने कधी सांगितलं नाही, कारण ती लगेच त्याचं गाणं करते. कागदावर सांगते.

७. शिलाई मशीन, कात्र्या आणि टेप हाफिजाची शिष्या हिबा हिला द्याव्यात. हिबाला गाणं येतं, शिवण येत नाही. “आंटी, I’ll buy it online,” म्हणते. ऑनलाइन झगा गाताना उसवला की तिला मशीनची किंमत कळेल. बँकेतल्या पैशातून आधी हॉस्पिटलचं बिल आणि अंत्यविधीचा खर्च भागवावा. उरतील ते हाफिजाचे. गळ्याच्या डॉक्टरकडे तिने दर सहा महिन्यांनी जायचं आहे, ती टाळते, म्हणून संजनाने तिला धरून न्यावं. आवाज आता खाली उतरला आहे. मला तो जास्त आवडतो.

८. मला इथेच अग्नी द्यावा. नीलेशला यायला जमलं तर त्याने द्यावा, नाही तर शैलेंद्रने. शैलेंद्र हा हाफिजाच्या कार्यक्रमांचा माइक आणि स्पीकर सांभाळतो. तो साक्षीदार आहे, म्हणून त्याला काही ठेवता आलं नाही. त्याने रागावू नये, आयुष्यभर माझ्या हातच्या आंबोळ्या-चटणी खाऊन त्याने ते आधीच वसूल केलं आहे. हाफिजाने पांढरा कपडा घालू नये. तिला पिवळा शोभतो.

९. शेवटचं कलम हाफिजासाठी आहे. संजनाने हे तिला मोठ्याने वाचून दाखवावं. मराठी ती चांगलं समजते, आणि समजत नाही असं दाखवेल तेव्हा जास्तच समजत असते.

हाफिजा, तू घर घेतलंस म्हणून मी मरणार नाही. तू नाकारलंस म्हणून मी वाचणारही नाही. ते डॉक्टरच्या हातात आहे. माझ्या हातात एवढंच आहे, की भूल देतील तेव्हा माझ्या डोक्यात काय असावं. तू रस्त्यावर बॅगा घेऊन उभी आहेस, असं चित्र डोक्यात घेऊन मला त्या टेबलावर झोपायचं नाही. तू आपल्या घरात, आपल्या गॅलरीत, कढीपत्त्याला पाणी घालता घालता गुणगुणते आहेस, हे मला बघत झोपायचं आहे. मला भीती वाटते गं. साक्षीदार कोणीही होईल. घर घ्यायला तूच हवीस.

हा कागद मी स्वतः लिहिला, वाचला आणि खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. दोघांना यातून काडीचाही लाभ नाही.

ठिकाण: दुबई सिलिकॉन ओएसिस
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) सगुणा गणपत आग्रे

साक्षीदार:
१. (सही) शैलेंद्र, ध्वनिव्यवस्थापक
२. (सही) रंजिता, शेजारीण

टीप. वरील मजकूर मी हाफिजा यहया यांना आज, ऑपरेशनआधीच, त्यांच्या घरी वाचून दाखवला. नवव्या कलमानंतर त्या बराच वेळ स्वयंपाकघरात होत्या. बाहेर येऊन त्यांनी सांगितलेलं मी त्यांच्याच शब्दांत लिहीत आहे; सही त्यांची आहे. — वकील संजना

“मी विटनेस नाही. घर घेते. आता तू आपल्या पायांनी त्या घरात परत ये.”

(सही) हाफिजा यहया